पाळ कोणाची, पूर कोणाचा?

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, विजेच्या बिलावर झाले. आम्हाला विचारले, तुम्ही कशावर बोलणार? आम्ही म्हटले, तलावाच्या पाळीवर. मंडळी हसली. हसण्यासारखेच आहे. ज्याच्या वावरात मृग कोरडा गेला की दुबार पेरणी आलीच, त्या कोरडवाहू कास्तकारापुढे पुरावर भाषण करायचे म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णावरचे औषध सांगण्यापैकी आहे. पण आपल्याकडे आता वीस दिवस पाऊस नाही आणि एकविसाव्या दिवशी दोन तासांत सगळा, असे वर्षाआड होते. म्हणून ऐकून घ्या.

आधी आमच्याच गावची गोष्ट सांगतो. दुसऱ्याची उणीदुणी काढण्यापेक्षा ते बरे.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात झाला. आमच्या आईबापांनी घमेल्याने माती वाहून ही पाळ घातली. उंची आठ मीटरच्या आत. काळ्या मातीचा गाभा, वरून मुरूम, पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग, एका टोकाला सांडवा. त्या तलावाने आमच्या विहिरी पन्नास वर्षे जगवल्या, हे कबूल केले पाहिजे. मग आम्ही काय केले? सांडव्यावरून पाणी वाहून जाताना पाहून जीव तुटायचा. म्हणून दर पावसाळ्यात सांडव्याच्या उंबऱ्यावर दगड रचायचे, मातीच्या पिशव्या टाकायच्या आणि हात-दीड हात पाणी जास्त अडवायचे. हुशारी वाटायची. कोणी अडवले नाही, कारण विचारणारा कोणी नव्हताच.

जुलै २०२२ मध्ये तलाव आधीच काठोकाठ होता. त्यात एका रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस आला. सांडवा आम्हीच बुजवलेला. बंडीवाटेने पाळीचा माथा जिथे दबला होता, तिथून पाणी वरून पडायला लागले. मातीच्या पाळीवरून पाणी वाहायला लागले की ती फार वेळ उभी राहत नाही. अंधारात वीस-पंचवीस माणसे गेलो आणि पहारीने सांडव्यावरचे दगड ढकलले. पाळ वाचली, गाव वाचले. पण अडवून धरलेले सगळे पाणी एकदम सुटले आणि खालच्या अकरा जणांच्या वावरांतून गेले. पऱ्हाटी गुडघ्याएवढी होती, ज्वारी तेवढीच. सकाळी पाहिले तर कुठे पीक आडवे, कुठे हातभर गाळ, आणि दोन वावरांत खाली नुसता मुरूम उघडा पडलेला. धुरे कुठले ते ओळखू येत नव्हते. ही अकरा घरे आमच्या भाऊबंदांतलीच आहेत. तेव्हापासून ते आमच्याशी बोलत नाहीत. चूक त्यांची नाही.

आता हिशेब करू. शेतकऱ्याला हिशेब येत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम करू.

एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी, दहा लाख लिटर. नाल्याचा पाणलोट ५०० हेक्टरांचा धरा. काळी जमीन एकदा भिजून फुगली की पाणी आत घेत नाही, म्हणून निम्मे पाणी वाहून आले असे धरा. अडीच लाख घनमीटर झाले. ते दोन तासांत आले तर सेकंदाला सरासरी ३५ घनमीटर पडते. आपल्या नाल्याच्या पात्रात ते मावत नाही, वावरात शिरते. तेच पाणी मध्ये कुठे थांबवले आणि एका नळातून सेकंदाला एक घनमीटर याप्रमाणे सोडले, तर ते उतरायला तीन दिवस लागतात आणि खालच्या माणसाची चप्पलही भिजत नाही. पाणी तेवढेच आहे, फरक फक्त वेळेचा आहे. पूर अडवणारी पाळ पाणी कमी करत नाही, पाण्याला वेळ लावते.

पण त्यासाठी तलावात जागा रिकामी पाहिजे. भरलेला तलाव पूर अडवत नाही, आला तसा बराचसा खाली लोटतो. इथेच खरी गोम आहे. ज्याची विहीर तलावाखाली आहे त्याला तलाव भरलेला पाहिजे. ज्याचे वावर नाल्याकाठी आहे त्याला अर्धा रिकामा पाहिजे. कित्येकदा हे दोघे एकच माणूस असतो, आणि त्याला दोन्ही पाहिजे असते.

ह्या कोड्याशी आपल्यासारखेच कोरडवाहू शेतकरी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी झगडले. अमेरिकेत ओक्लाहोमा नावाचे राज्य आहे. त्याच्या पश्चिम भागात पाऊस आपल्यासारखाच लहरी. पिके कापूस, गहू, ज्वारी. (ज्वारी ते ढोरांना घालतात. आमच्या आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, मग माणसे काय खातात?) १९३० नंतरच्या दशकात तिथे आधी दुष्काळ पडला. नांगरून उघडी टाकलेली जमीन वाऱ्याने उडाली आणि तिच्या धुळीने दिवसा अंधार केला. त्याच दुष्काळाच्या काळात, एप्रिल १९३४ मध्ये, तिथल्या वॉशिटा नदीला अचानक पूर आला आणि हॅमन ह्या गावाजवळ सतरा माणसे गेली. दुष्काळ आणि पूर एकाच घरी कसे नांदतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

सरकारचा विचार असा होता की खाली मोठ्या नदीवर मोठे धरण बांधावे. वरचे शेतकरी म्हणाले, त्याने खालची शहरे वाचतील, आमची वावरे बुडतील. त्यांच्यात शायेन ह्या छोट्या गावचा एल. एल. मेल्स नावाचा बँकवाला होता. त्याचे म्हणणे असे की पाणी जिथे पडते तिथे धरा. आधी वावरात धरा, वावरातून सुटले तर ओहळावर छोट्या मातीच्या पाळीने धरा. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यात अशा कामासाठी अकरा खोरी मंजूर झाली, त्यांत वॉशिटा होती. १९४८ च्या जुलैत कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक नावाच्या ओहळावर ह्या योजनेतली पहिली पाळ पुरी झाली. सँडस्टोन क्रीकच्या सबंध खोऱ्यात २४ पाळी घालून ते काम १९५३ मध्ये संपवले. पुढे १९५४ साली लहान पाणलोटांचा वेगळा कायदा आला. आज एकट्या ओक्लाहोमात अशा २,१०० पाळी आहेत आणि सगळ्या अमेरिकेत ११,००० हून जास्त.

ह्या पाळीची रचना साधी आहे. तलावाच्या पोटात कमी उंचीवर सिमेंटचा एक उभा हौद असतो, आणि त्याच्या तळातून पाळीखालून एक नळ बाहेर जातो. हौदाच्या तोंडाच्या खाली जे पाणी राहते ते बारमाही. तिथे गाळ साचतो, ढोरे पाणी पितात. त्याच्या वरची जागा एरवी रिकामी ठेवलेली. पूर आला की ती भरते आणि नळाने आपोआप काही दिवसांत रिकामी होते. दरवाजा नाही, चावी नाही, रात्री उठून कोणी फिरवायचे चाक नाही. साहेब रजेवर असला तरी चालते! नळाच्या आवाक्याबाहेरचा पूर आला तर बाजूला रुंद, गवत राखलेला सांडवा असतो, तो क्वचितच वाहतो. एकाच पाळीने तळाशी पाणी आणि वर रिकामी जागा, दोन्ही साधले. दोन्ही पाहिजे म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे. पूर्ण नाही, पण बरेचसे.

आम्हाला त्यातली तांत्रिक बाजू आवडली, पण त्याहून अटी आवडल्या. १९५४ च्या कायद्यात अट अशी की पाळीच्या वरच्या अंगाला जी जमीन आहे, तिच्यापैकी किमान निम्म्या जमिनीच्या मालकांनी मृदसंधारणाची कामे करण्याचा करार द्यायचा. वरची जमीन धुपतच राहिली तर तलाव दहा वर्षांत गाळाने भरणार, मग पैसा कशाला घालायचा? पूर अडवण्याच्या बांधकामाचा खर्च केंद्र सरकारने केला. जमीन मात्र हिसकावली नाही. ती मालकाच्याच नावावर राहिली, फक्त त्यावर पाणी साठवायचा हक्क लिहून घेतला. पुष्कळांनी तो फुकट दिला, कारण त्यांना ढोरांसाठी पाणी मिळत होते. आणि देखभाल कोणाकडे? शेतकऱ्यांनीच चालवलेल्या स्थानिक मृदसंधारण मंडळाकडे. पाळ कोणाची, हे कागदावर लिहिलेले होते.

आता त्यांचेही सगळे सोन्याचे नाही, ते सांगतो. नाहीतर परदेशातले सगळे चांगले म्हणणाऱ्या फिरत्या साहेबांत आणि आमच्यात फरक काय? एक तर ह्या पाळी जवळच्या ओहळाचा पूर अडवतात, शंभर मैल खालच्या मोठ्या नदीच्या महापुरावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. ह्यावरून तिकडे १९५० च्या दशकात लहान धरणवाले आणि मोठे धरणवाले यांचे मोठे भांडण झाले. दोन्हीकडचे वाढवून बोलत होते. दुसरे, बहुतेक पाळींचे आयुष्य पन्नास वर्षे धरले होते. पन्नास वर्षे झाली, गाळ भरला, नळ गंजले. तिसरे, पाळीखाली आधी नुसती वावरे होती, पूर येत नाही म्हणताच लोकांनी तिथे घरे बांधली. वावराखातर बांधलेल्या पाळीवर माणसांचा जीव टांगला गेला. शेवटी २००० साली दुरुस्तीचा वेगळा कायदा करावा लागला, ६५ टक्के केंद्राचे आणि ३५ टक्के स्थानिकांचे. शायेनजवळच्या सार्जंट मेजर क्रीकपासून ते काम सुरू झाले.

आणि चौथी गोष्ट आपल्या फार कामाची. ओक्लाहोमात आणि मिसिसिपीत काही नव्या पाळी पहिल्यांदा पाणी चढताच पोखरून फुटल्या. दाबकाम चांगले होते, माती चिकण होती. मग झाले काय? १९७०च्या सुमारास अभियंत्यांनी शोधले, तेव्हा कळले की काही चिकणमातीत सोडियम जास्त असतो. ती पाण्यात बसत नाही, विरघळल्यासारखी सुटी होते. बारीक भेग मिळाली की पाण्याबरोबर वाहून जाते आणि बोटाएवढे भोक तासाभरात माणूस शिरेल एवढे होते. आपल्याकडे अशा मातीला चोपण म्हणतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या भावांना तिची ओळख करून द्यायला नको. तिची परीक्षा घरी होते. काचेच्या पेल्यात पावसाचे स्वच्छ पाणी घ्या, विहिरीचे खारे नको. त्यात मातीचे बोराएवढे ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ नुसते ढासळून तळाशी ढीग झाला, पाणी निवळ राहिले, तर ठीक. ढेकळाभोवती धुरासारखा गढूळपणा पसरत गेला आणि खाली बसेना, तर ती माती पाळीला घालू नका. घालायचीच पाळी आली तर चुना किंवा जिप्सम मिसळण्याचा आणि वाळूच्या गाळणीचा विचार अभियंत्याकडून लिहून घ्या. पेल्याची परीक्षा शेवटचा शब्द नाही, पण साहेबाला प्रश्न विचारण्यापुरती पुरते.

आता आपल्या पाळींकडे येऊ.

१०० हेक्टरांपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे, ६०० हेक्टरांपर्यंतचे, मृद व जलसंधारण विभागाकडे, अशी वाटणी आहे. धरण सुरक्षेचा केंद्राचा कायदा २०२१ मध्ये आला. तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागतो, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्यांना लांबी, साठा अशा काही अटींवर लागतो. दहा मीटरच्या आतली आमची पाळ त्यात बसत नाही. आम्ही दोन कार्यालयांत गेलो. एकात सांगितले की हे काम त्यांच्या यादीत नाही, दुसऱ्यात सांगितले की पहिल्याकडे विचारा. ज्या पाळीवर आमच्या आयांनी घमेली वाहिली, ती कोणाच्याच वहीत नाही. पूर आला की मात्र ती आहे.

कायद्यात बसणाऱ्या धरणांचे तरी काय? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. मातीचेच धरण, वीस वर्षांच्या आतबाहेरचे. गळती लागल्याचे गावकऱ्यांनी आधीच कळवले होते. वीसवर माणसे वाहून गेली. त्या वेळचे जलसंधारण मंत्री म्हणाले, खेकड्यांनी पोखरले. महाराष्ट्र हसला. आम्ही हसलो नाही, कारण खेकडे, उंदीर, घुशी पाळ पोखरतात हे खरेच आहे. म्हणून तर पाळ दर वर्षी बघायची असते! खेकडा आपले काम चोख करत होता, बघणाऱ्याने केले नाही.

सरकारच्या मदतीवर विसंबून राहू, असे कोणी म्हणेल. २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्तीच्या राष्ट्रीय निकषांत गाळ काढायला हेक्टरी १८,००० रुपये आणि वाहून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये आहेत, तेही अल्प आणि अत्यल्प भूधारकाला. एका हेक्टरवरून वीतभर नाही, पंधरा सेंटिमीटर माती गेली तर १,५०० घनमीटर होते, म्हणजे ५३० ब्रास. ४७,००० ला भागा. ब्रासला नव्वद रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात कोण ट्रॉली भरून देतो ते सांगा, आम्ही आजच नेतो.

मग करायचे काय? आम्ही दोन पावसाळे ठोकर खाऊन जे शिकलो तेवढे सांगतो.

पाळीचा माथा समपातळीत आहे का, ते प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून कोणालाही मोजता येते. आम्ही मोजले, तेव्हा बंडीवाटेजवळ माथा दोन वीत खाली निघाला. तिथे मुरूम टाकून दाबून घेतला आणि बंडीवाट बंद केली. पाळीवर बाभळी वाढल्या होत्या. बारीक झुडपे मुळासकट काढली. मोठी झाडे मात्र एकदम उपटू नका, मूळ निघाले की भोक राहते. ते अभियंत्याला दाखवून, खड्डा थराथराने भरून करायचे काम आहे. २०१७ पासून गाळमुक्त धरणाच्या योजनेत लोकांनी गाळ काढला, चांगलेच झाले. पण आमच्याकडे एका मशीनवाल्याने जवळ पडते म्हणून पाळीच्या पायथ्याशीच खोदले. तिथला गाळ पाया झाकून ठेवतो. तो काढला की पाझर पाळीखालून वाट शोधतो. गाळ पाळीपासून दूर, वरच्या अंगाचाच काढा.

पाळीच्या मागच्या बाजूला पाझर दिसला म्हणून घाबरू नका. मातीची पाळ थोडी पाझरतेच. पाणी निवळ आहे आणि तेवढेच आहे तर नुसते लक्ष ठेवा. पाणी गढूळ झाले किंवा एकाएकी वाढले, म्हणजे पाळ आतून वाहते आहे. तेव्हा खालच्या वस्तीला आधी उठवा. तहसीलला फोन करा. वेळ असेल तर तलावाची पातळी उतरवा. गळतीच्या तोंडात चिखल कोंबू नका, पाणी दुसरीकडून फुटते. त्या तोंडावर जाड वाळू आणि तिच्यावर गिट्टी टाका, म्हणजे पाणी निघेल, माती अडेल. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात मोवाड गावची दोनशेवर माणसे गेली. कोणत्या पाण्याने किती नेले यावर नंतर वाद झाले. पाणी माणसांच्या दारी आले तेव्हा वाद घालायला वेळ नव्हता.

राहिला सांडवा. आम्ही दगड काढले, उंबरा मूळ पातळीला आणला. यावरून गावात दोन तट पडले. वरचे म्हणतात, उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडतील त्याचे काय? खालचे म्हणतात, आमची माती गेली त्याचे काय? आम्ही काढलेला तोडगा असा आहे. सांडव्याच्या उंबऱ्याखाली एक मीटरवर ओक्लाहोमासारखा उभा हौद आणि नळ बसवायचा. त्या खालचे पाणी वरच्यांच्या विहिरींचे, त्या वरची जागा खालच्यांच्या वावरांची. पाळ फोडून नळ टाकणे हे गावठी काम नाही. नळाच्या कडेनेच पाणी वाट काढते, म्हणून अभियंत्याच्या नकाशाशिवाय कुदळ लावायची नाही असे ठरले आहे. नकाशासाठी वर्गणी जमली आहे. ग्रामसभेचा ठराव झाला आहे. त्यात तलावाचे नाव, सर्व्हे नंबर, बांधल्याचे साल, पाळीची उंची, सांडव्याची रुंदी आणि खालच्या अंगाला किती घरे, हे सगळे लिहून दोन्ही कार्यालयांना पोच घेऊन दिले आहे. यादीत नाही म्हणतात ना, मग लेखी द्या की नाही.

आणि ती अकरा घरे. सांडव्यावर दगड आम्ही रचले होते, निसर्गाने नाही. म्हणून ह्या उन्हाळ्यात तलावाच्या वरच्या अंगाचा जो गाळ निघेल, तो पहिल्यांदा त्या दोन उघड्या पडलेल्या वावरांत जाईल, डिझेल वरच्या शेतकऱ्यांच्या खर्चाने. अकरापैकी सात जणांनी हो म्हटले आहे. चार अजून बोलत नाहीत.

जेवणानंतर मंडपाच्या दाराशी वही ठेवली आहे. आपापल्या गावच्या पाळीची नावे आणि सांडवा मोकळा आहे की बुजवलेला, ते लिहून जा. नळी आणि पेलाही तिथेच आहे, मोजणी कशी करायची ते आमची पोरे दाखवतील.